केळं विरुद्ध हेडसेट

आयुष्यात मी तीन वेळा हरले. एकदा सासूबाईंकडून, एकदा आठवीच्या गणिताकडून आणि एकदा एका केळ्याकडून. पहिल्या दोन पराभवांबद्दल मी बोलत नाही. केळ्याचं मात्र सांगणार आहे, कारण तो सामना मी शेवटी उलटवला, आणि जिंकलेला सामना गुपचूप पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

मी जळगावात राहते, शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी एकपात्री प्रयोग करते. प्रयोगात एक सासू, तिची पुण्याहून आलेली नवी सून आणि गंमत बघायला जमलेल्या चार शेजारणी, अशा सहाही बाया मीच. सासू सुनेला मांडे करायला शिकवते, एवढीच गोष्ट. खानदेशातला मांडा पोळपाटावरच संपत नाही. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत झुलवायची, ती पातळ होत होत परातीएवढी झाली की पालथ्या खापरावर अलगद सोडायची. माझ्या प्रयोगात कणीक नसते, पुरण नसतं, खापरही नसतं. नुसते दोन हात. शेवटी तो नसलेला मांडा मी डोक्याच्या वर नेते तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका पुढे सरकतात. पडलाच तर झेलायला.

दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी वायरलेस हेडसेट वापरते. कानावरून येऊन ओठांच्या कोपऱ्याशी थांबणारी एक काळी काडी आणि कमरेला काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. डबी आवाज उचलते आणि तारेशिवाय स्पीकरकडे पाठवते. हेडसेट नसेल तर एक हात माइक धरण्यात अडकतो, आणि एका हाताने मांडा झाल्याचं कुणाच्या आजीनं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. आधी शस्त्रक्रिया, मग केमो, मग शेक. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात, जणू कुणी मायेनं गरम पाण्याची पिशवी धरली आहे. त्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यात विनोदी प्रवेश कमी होते. ते सगळं संपलं तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, भिंतीवर बोटं चालवा, रोज थोडी वर. मी स्वयंपाकघराची भिंत निवडली. बोटं पोचतील तिथे रोज पेन्सिलीची रेघ मारायची. आणि खूप वर, डब्यांच्या फळीच्याही वर, उजव्या हातानं एक लाल फुली काढून ठेवली. मांडा डोक्यावर जायचा तर डावा हात तिथवर पोचायला हवा होता.

अशात धुळ्याहून माझ्या वहिनीचा फोन आला. धुळं माझं माहेर. तिच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि मला न विचारताच तिनं सगळ्या बायकांना माझा प्रयोग सांगून टाकला होता.

"तुना प्रयोग ठेयेल शे," ती म्हणाली. "नही म्हनू नको. बठ्ठ्या बायास्ले सांगी टाकं मी."

"अगं, हात अजून..."

"हात नही उचलाना ते तोंड चालाड. ते ते बंद पडेल नही ना?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लाल फुलीसमोर उभी राहिले आणि मनाशी एक करार केला. धुळ्यात मांडा वर गेला की मी बरी झाले. दवाखान्याची फाइल काय म्हणेल ते म्हणो, माझ्या मते आजार त्या दिवशी संपणार होता. हे वेडेपण होतं, मला मान्य आहे. पण बरं होण्याची तारीख दुसरं कुणी देत नाही, आपणच ठरवावी लागते.

आता नाना. नाना म्हणजे माझे थोरले दीर, सावद्याचे केळीचे व्यापारी. माझ्या शेकाच्या दिवसांत ते रोज सकाळी सावद्याहून जळगावला येत, मला गाडीत घालून दवाखान्यात नेत आणि परत आणून सोडत. एकही दिवस चुकला नाही. त्यामुळे आमच्या घरात नानांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला होता. आमचे हे तर नानांनी "बस" म्हटल्याशिवाय स्वतःच्या सोफ्यावर बसत नाहीत.

तर या नानांनी एका सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर एक संदेश टाकला. लाल अक्षरं, चार कवट्या आणि शेवटी हात जोडलेले. कॅन्सरचे उपचार झालेल्या माणसाने वायरलेस हेडसेट आणि कानात घालायचे ब्लूटूथ वापरल्यास आजार दामदुपटीने परत येतो, असं त्यात लिहिलं होतं. कुणी लिहिलं ते लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटांत फोन आला.

"ते शिंग काढून टाक."

"नाना, धुळ्याचा प्रयोग आहे."

"कर ना. तारेचा माइक घे. बिनतारेचं काही डोक्याले लागाले नको. शेकाचं रेडिएशन झालं तेवढं लई झालं."

मी तारेचा माइक करून पाहिला. खोटं बोलणार नाही, मनापासून करून पाहिला. आमच्या कॉलनीतल्या बायका जमवल्या, स्टँडवर माइक लावला आणि सुरुवात केली. सासू डावीकडे सरकली, तिचा आवाज उजवीकडे राहिला. सून वळली तेव्हा तार तिच्या पायात. आणि मांडा झुलवताना माझं कोपर स्टँडला असं बसलं की माइक थेट कॉलनीच्या अध्यक्षबाईंच्या चहात. बायका पोट धरून हसल्या, पण मी मागितलं होतं तिथे नाही.

मी नानांना पुन्हा फोन केला. रडले नाही, पण आवाज रडल्यासारखा काढला. एवढं येतं मला.

नाना विरघळले, म्हणजे त्यांच्यापुरते विरघळले. म्हणाले, "आपन परीक्षा घेऊ. मी चाळीस वर्सं केळं पाह्यलं. मानूस खोटं बोलीन, केळं नाही बोलत."

परीक्षा अशी. श्रीमंती जातीच्या एकाच घडाची एकच फणी घ्यायची, म्हणजे जन्म एक, वय एक. तिच्यातली दोन हिरवी केळी तोडायची. एक माजघरात उघड्या टोपलीत ठेवायचं. दुसरं माझ्या चालू हेडसेटशेजारी, स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. झाकण कशाला, तर लहरी घरभर सांडू नयेत म्हणून. आठ दिवसांनी बघायचं. डब्यातलं केळं आधी काळवंडलं तर लहरी वाईट. दोन्ही सारखी राहिली तर मी धुळ्याला शिंग लावून जायला मोकळी.

हसू नका. ज्या गावात पोरगं आजारी पडलं तरी आधी केळीवर कोणता रोग आलाय ते विचारतात, तिथे ही परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध वाटते. मलाही वाटली. मी स्वतःच्या हातानं हेडसेट पिशवीत घालून नानांच्या हवाली केला आणि वर "चार्ज करत जा हं रोज" असंही सांगितलं. रोज चार्ज करायचं काम माझ्या जाऊबाईंकडे, म्हणजे अक्कांकडे आलं. नाना त्या डब्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही सावद्याला गेलो. परसात तुरखाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भरताची वांगी भाजायला टाकलेली, लसूण सोललेला, आणि मी पाहुणी नव्हे तर आरोपी. नानांनी ओट्यावर खुर्ची टाकली. अक्कांनी आधी टोपलीतलं केळं आणलं. हिरवंगार, थंडीत जसंच्या तसं. मग डबा आणला आणि नानांपासून चार हात लांब ठेवून झाकण काढलं.

केळं पिवळं झालेलं. नुसतं पिवळं नाही, अंगभर काळे ठिपके, देठाशी मऊ.

नानांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. ते जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना केळ्याच्या जागी मी दिसत होते हे मला स्पष्ट कळलं.

"पाह्यलं?" ते हळूच म्हणाले. "आठ दिवसात."

मला धुळ्यातलं व्यासपीठ दिसलं, आणि त्यावर दुसरंच कुणीतरी. भिंतीवरची लाल फुली पुसावी लागेल असं वाटलं. खरं सांगू? एका क्षणापुरती मीही घाबरले. केळं समोर काळं पडलेलं दिसत असताना शहाणपण टिकवणं सोपं नसतं.

"निदान हेडसेट तरी द्या परत," मी म्हटलं. "आठवण म्हणून."

मी डब्यात हात घातला. खाली एक फडकं होतं, त्यात हेडसेट गुंडाळलेला. ते वर उचललं आणि माझं नाक जागं झालं. आजारात माझी चव गेली होती, वास गेला नव्हता. हेडसेटला गोड वास येत होता. मी आजवर तो कानाला लावलाय, त्याला घामाचा, पावडरीचा, फार तर गजऱ्याचा वास येतो. चिकूचा येत नाही.

मी फडकं झटकलं. ओट्याच्या फरशीवर टिक् असा आवाज झाला. काळी, चकचकीत, एका कडेला पांढरी रेघ असलेली बी.

माणसाला आयुष्यात असे क्षण फार थोडे मिळतात. मिळाले की घाई करू नये. मी ती बी दोन बोटांत धरली, पदर खोचला आणि ओट्यावर एक पूर्ण फेरी मारली.

"अक्का," मी म्हटलं, "या डब्यात केळ्याशिवाय आणखी कोण राहत होतं?"

अक्का वांग्यांकडे बघू लागल्या. "मले काय माहीत. वांगे जळून राह्यले वाटते."

"अक्का, ही बी हेडसेटनं दिली का?"

"आता काय सांगू माय!" अक्कांनी हातातली काडी खाली टाकली. "यायले शुगर आहे. घरात चिकू आले की हे मांजरासारखे वास काढत फिरतात. पिठाच्या डब्यात ठेवले, तिथून खाल्ले. देवघरात ठेवले, तिथून खाल्ले, देवाच्या समोर! मंग म्या म्हटलं, या घरात एकच डबा असा आहे ज्याले हे हात लावत नाही."

"किती चिकू?"

"चार. आज सकाळीच काढले. एक म्या उभ्या उभ्या खाल्ला. बी बाहेर टाकली असती तं यायले दिसली असती, म्हनून फडक्यात ठेवली."

मी नानांकडे वळले. आवाज खाली आणला. वकील शेवटच्या प्रश्नाला आणतात तसा.

"नाना, तुम्ही चाळीस वर्षं केळं पाहिलं. हिरवं केळं पिकलेल्या चिकूबरोबर बंद डब्यात आठ दिवस ठेवलं, तर काय होईल?"

नाना "पिकीनच" म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. ज्या माणसानं केळी पिकवायच्या बंद खोल्यांत जन्म काढला, एक पिकलेलं फळ शेजारच्या दहा कच्च्यांना पिकवतं हे ज्याच्या दुकानातल्या हमालालाही ठाऊक, तो माणूस झाकण लावलेल्या डब्यात केळं ठेवून लहरींची वाट बघत बसला होता. चिकू नसते तरी बंद डब्यातलं केळं आधी पिकलं असतं. एरवी हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. भीतीनं त्यांना त्यांचाच धंदा विसरायला लावला होता.

अक्का तोंडाला पदर लावून हलत होत्या. आमच्या ह्यांनी, नानांनी परवानगी न देताच, हसायला सुरुवात केली.

नाना मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बरं. केळं साक्षीतून बाद. पन केळं बाद झालं म्हनून लहरी सुटल्या असं नाही."

आणि हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. केळ्यानं मला दोषी ठरवलं नव्हतं, तसं निर्दोषही सोडलं नव्हतं. माणसाच्या आजाराबद्दल केळ्याला काय कळतं? मग ज्यांना कळतं त्यांना विचारायचं ठरलं. त्याच आठवड्यात माझी तपासणीची तारीख होती. नाना नेहमीसारखे सकाळी गाडी घेऊन हजर. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत तो डबा, डब्यात हेडसेट.

डॉक्टरबाई तरुण आहेत आणि फार हसत नाहीत. पण मी सगळी हकीकत साग्रसंगीत, आवाजासकट करून दाखवली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेरच्या नर्सला आत बोलावून मला ती पुन्हा सांगायला लावली. मग त्या नानांकडे वळल्या.

"शेकाच्या मशीनमधल्या किरणांत पेशी तोडायची ताकद असते, म्हणूनच त्यांनी उपचार होतो. या डबीतल्या लहरी रेडिओच्या जातीच्या. त्यांच्यात ती ताकद नाही. शिवाय त्या अगदी दुबळ्या, फोन कानाला लावता त्याहून सहसा कमीच. हेडसेटमुळे कॅन्सर होतो किंवा परत येतो असा पुरावा आजवर सापडलेला नाही."

"आनि ते कानात कोंबायचे बोंडं?" नानांना कानातली पांढरी यंत्रं कापसाच्या बोंडासारखी दिसतात.

"त्यांचंही तेच उत्तर. पण काळजीच करायची असेल तर मी सांगते ती करा. आवाज मोठा ठेवायचा नाही. केमोच्या काही औषधांनी कानावर परिणाम होतो. यांच्या औषधांत तो धोका फारसा नाही, तरी कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर लगेच दाखवायचं. शेक दिलेल्या बाजूच्या कातडीवर पट्टा किंवा डबी घासू द्यायची नाही. कुणाच्या छातीत पेसमेकर किंवा तसं काही बसवलेलं असेल, तर आधी आम्हाला विचारायचं, कारण हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं. यांना तसं काही नाही."

नानांनी खिशातली डायरी काढून सगळं लिहून घेतलं. मग डायरी बंद केली, पुन्हा उघडली, आणि वर न बघता विचारलं, "म्हनजे हे परत येनार नाही?"

डॉक्टरबाईंनी माझी फाइल मिटली. "तसं मी लिहून देऊ शकत नाही, काका. त्यासाठीच तर तपासण्या आहेत, आणि त्या चुकवायच्या नाहीत. आजच्या तपासणीत काही वाईट नाही, एवढं सांगते. आणि समजा कधी आलंच, तर या डबीला विचारून येणार नाही."

बाहेर आल्यावर नाना गाडीकडे गेले नाहीत. दवाखान्याच्या भिंतीशी एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसले. शेकाच्या दिवसांत मी आत असायची तेव्हा ते इथेच बसायचे.

"रोज इथी बसायचो," ते म्हणाले. "आत तू, आनि मी इथी. काही कराले नव्हतं मले. हे एक सापडलं व्हतं बंद कराले."

मी शेजारी बसले. डबा उघडून हेडसेट त्यांच्या हातात दिला.

"बंद करून झालं," मी म्हटलं. "आता चालू करायचं काम घ्या."

त्यांनी घेतलं, आणि असं घेतलं की माझ्यावर पश्चात्तापाची पाळी आली. पुढचे दिवस रोज फोन. चार्ज झालं का. काडी पुसली का. डबी उजव्या कमरेला लावायची, डाव्या बाजूला नाही, ध्यानात हाये ना. तिकडे मी भिंतीशी उभी राहून बोटं चालवत होते. रेघा फळीला भिडल्या, फळीच्या वर गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी लाल फुली चार बोटं वर राहिली होती.

धुळ्याचा कार्यक्रम दुपारी होता. हॉल भरलेला, तिळगूळ वाटून झालेला, वहिनी सगळीकडे एकाच वेळी. विंगेत नानांनी माझ्या कमरेला डबी लावली, काडी ओठांशी आणली, स्पीकरवाल्याला "आवाज कमी, अजून कमी" करून हैराण केलं. मग जाऊन तिसऱ्या रांगेत अक्कांशेजारी बसले. त्या अख्ख्या प्रेक्षकांत दोनच पुरुष. दुसरे आमचे हे.

मी सुरू केलं. सासू आली, सून आली, शेजारणी आल्या. माझा आवाज माझ्याबरोबर चालत होता, वळत होता, कुजबुजलं तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. आणि त्या दिवशी एक सातवं पात्र आलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेच्या कानावर हेडसेट बघून घाबरलेले सासरे. "थांब," ते म्हणाले, "केळ्याले विचारतो!" आणि त्यांनी बसराई जातीच्या फणीतली दोन केळी तोडली. हॉल हसून कोसळला. केळ्यांवर हसणं जळगावकरांचं काम, पण धुळेकर बायका ते आनंदानं करतात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक माणूस उभा राहिला.

"बसराई नव्हती!" नाना गरजले. त्यांना माइक कधीच लागत नाही. "श्रीमंती व्हती! आनि तो सासरा नाही, तो मी आहे!"

टाळ्या त्यांना मिळाल्या. माझ्या प्रयोगात, माझ्या माहेरी, माझ्याच टाळ्या. ते हात जोडून चारी दिशांना वळले आणि बसले.

मग मांडा. मी हात झुलवायला घेतले. उजवा, डावा, उजवा, डावा. हसू ओसरलं. डावा खांदा ओढला गेला, काखेत ती ओळखीची दोरी ताणली. मी सासूच्या आवाजात सुनेला म्हटलं, "घाबरू नको, पोरी, फाटला तर फाटला." ते मी कुणाला म्हणत होते हे हॉलमध्ये चार माणसांना माहीत होतं. मांडा वर निघाला. खांद्यापर्यंत, कानापर्यंत, कपाळापर्यंत. तिथे भिंत नव्हती आणि फुलीही नव्हती, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळलंच नाही. हात गेला. दोन्ही सरळ डोक्यावर, बोटं पसरलेली, आणि त्या बोटांवर एवढा मोठा, एवढा पातळ मांडा की त्यातून मला अख्खा हॉल दिसत होता. पहिल्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. माझा हात वर गेलेला बघून वहिनी ओरडली, "उचला वं माय, उचला तिनी हात!"

मी मांडा खापरावर सोडला. करार पुरा झाला.

नंतर बायका बाहेर मांडवात चहा घेत होत्या. मी खुर्चीत, पाय लांब केलेले, गळ्यात गजऱ्यांचा ढीग. हेडसेट पुसून ठेवण्यासाठी नाना तो आत घेऊन गेले होते. मांडवातल्या स्पीकरमधून आधी खरखर झाली. मग कुणीतरी जोरात श्वास घेतला. आणि मग सगळ्या धुळ्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"हॅलो. हॅलो. सावदा बोलून राह्यलं. अवं, आयकलं का? ते उरलेले तीन चिकू कुठी लपवले, तेवढं सांग."

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला, दारातून आत डोकावल्या आणि माइकशिवाय, पण तेवढ्याच जोरात ओरडल्या, "आधी ते शिंग डोक्यावरून काढा, मंग सांगते!"

"नाही काढत," स्पीकर म्हणाला. "डॉक्टरीनबाईनं परवानगी देल्ली आहे."